बागेत कोण येत नाही, हे आधी मोजा

दुपारी दीडच्या सुमाराला महापालिकेच्या एखाद्या बागेवरून चालत जा. बहुतेक ठिकाणी फाटकाला कुलूप असतं. आत कडुनिंबाची गार सावली रिकामी पडलेली असते. त्याच झाडाची एखादी फांदी कंपाऊंडवरून बाहेर आलेली असते, आणि तिच्या हातभर सावलीत, फुटपाथवर, घरकाम करणाऱ्या दोघी डबा उघडून बसलेल्या असतात. शेजारी स्कूटर स्टँडवर लावून डिलिव्हरीचा मुलगा पुढच्या ऑर्डरची वाट बघत असतो. चार वाजता कुलूप निघतं, तेव्हा ही तिन्ही माणसं कामावर परतलेली असतात.

बाग कोणासाठी आहे ते आराखड्याच्या रंगीत चित्रावरून कळत नाही. ते फाटकाची वेळ, संडासाचं दार, बाकाची उंची आणि नियमांची पाटी यांवरून कळतं. म्हणून हे मार्गदर्शन कारंज्यापासून सुरू होत नाही. प्रभागात नवी बाग करून घेऊ पाहणारे रहिवासी, जुनी बाग सुधारायला निघालेले नगरसेवक आणि पहिलंच सार्वजनिक काम हाती आलेले तरुण आर्किटेक्ट, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. जागा साधारण वीस गुंठ्यांची, म्हणजे अर्ध्या एकराची धरली आहे, कारण शहरात पदरात पडते ती एवढीच.

पहिली पायरी: आराखडा काढा आणि पायी चाला

महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्याची आपल्या भागाची शीट मिळते. तिच्यावर बाग, क्रीडांगण, मैदान अशी आरक्षणं क्रमांकासह दाखवलेली असतात. त्यांची तीन गटांत यादी करा: झालेली आणि उघडी, झालेली पण कुलपात किंवा तिकिटात अडकलेली, आणि फक्त कागदावरची. तिसऱ्या गटाकडे लवकर लक्ष द्या. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत महापालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण उडतं. मग तिथे बागेऐवजी टॉवर उभा राहतो आणि त्यात बेकायदा काही नसतं. माहिती अधिकारात एवढंच विचारा: आरक्षण क्रमांक, क्षेत्रफळ, ताबा कधी घेतला, देखभाल कोणाकडे आहे, मागच्या तीन वर्षांत खर्च किती झाला. पाच ओळींचा अर्ज पुरतो.

केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. मुंबईत ती दीड चौरस मीटरही नाही. म्हणजे एका माणसाला अंथरायच्या चटईपेक्षा कमी. अर्थात हा आकडा सरासरीचा आहे. मलबार हिलची सरासरी गोवंडीच्या मुलाच्या कामाची नाही.

म्हणून पुढे पायी चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने घरापासून ३०० मीटरच्या आत हिरवी जागा असावी असं सुचवलं आहे. नकाशावर कंपासने वर्तुळ काढलं की आपल्याकडे हा निकष सहज पूर्ण झालेला दिसतो. मधला नाला, रेल्वेचे रूळ, सिग्नल नसलेला चौपदरी रस्ता आणि सोसायटीची भिंत वर्तुळाला दिसत नाही. चालताना बरोबर पाच वर्षांचं मूल किंवा काठी घेतलेल्या आजी असू द्या. त्या जिथे थांबून ‘आता परत फिरू’ म्हणतील, तिथे बागेची हद्द संपली असं धरा.

अंतराला एवढं महत्त्व का, ते हिशोबावरून कळेल. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यात दोन तास निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. हे दोन तास एकदम घालवले की थोडे थोडे, याने फरक पडत नव्हता. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, कारण मुळात तब्येत बरी असणारेच जास्त फिरत असतील. तरी दोन तास म्हणजे रोजची सतरा मिनिटं. सतरा मिनिटांसाठी कोणी वीस मिनिटांची रिक्षा करत नाही. त्यामुळे निवड करायची वेळ आली तर शहराच्या टोकाला एक भव्य उद्यान उभारण्यापेक्षा गल्ल्यागल्ल्यांतल्या दहा छोट्या जागा मी आधी मागेन. लोकार्पणाचा फोटो त्यांत तितका चांगला येत नाही, हे मान्य.

दुसरी पायरी: मोजणी

जुनी बाग असेल तर तिच्यात, नवी व्हायची असेल तर जवळच्या बागेत एका आठवड्यात तीन दिवस मोजणी करा. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. दिवसाच्या चार वेळा: सकाळी ६ ते ८, दुपारी १ ते ३, संध्याकाळी ५ ते ७, रात्री ८ ते ९. कागदावर रकाने आखा: लहान मुलं, दहा ते सतरा वयाच्या मुली, त्याच वयाचे मुलगे, तरुण स्त्रिया, तरुण पुरुष, म्हातारे, म्हाताऱ्या, काठी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरणारे. प्रत्येक जण काय करतोय तेही लिहा: बसलाय, चालतोय, खेळतोय, नुसता आडवाटेने निघालाय. कॉलेजच्या चार मुलांना पेन्सिल आणि वडापाव दिला की हे काम होतं.

मग तोच कागद आसपासच्या वस्तीशी ताडून बघा. पलीकडच्या अंगणवाडीत चाळीस पोरं आहेत आणि बागेत त्यांच्यातली दोन दिसतात, तर अडतीस कुठे आहेत? शाळा सुटल्यावर रस्ता मुलींनी भरलेला असतो आणि तासाभराने बागेत मुलगेच मुलगे, ते का? आराखडा कोणता प्रश्न सोडवणार, ते या फरकातून ठरतं.

व्हिएन्ना शहराने हे काम करून दाखवलं आहे. १९९० च्या दशकात तिथे बागांची पाहणी झाली, तेव्हा साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेतून जवळजवळ नाहीशा होतात असं दिसलं. मुलींना कोणी हाकललेलं नव्हतं. मोकळ्या मैदानासाठी चढाओढ लागली की मुलगे जिंकत आणि मुली गुपचूप निघून जात. १९९९ साली मार्गारेटन भागातल्या दोन बागांची फेरआखणी झाली. वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली, आणि एकसंध मैदानाचे झाडझुडपांनी छोटे छोटे भाग पाडले. मुली परत आल्या. इथे कोणाला बंदी घालावी लागली नाही. कोणा एका गटाला सगळी जागा बळकावता येऊ नये, अशी आखणी बदलली एवढंच.

तिसरी पायरी: बैठक बोलावू नका, तुम्ही जा

‘बागेसाठी नागरिकांची बैठक, रविवार सायंकाळी ७, विरंगुळा केंद्र’ असा फलक लागला की कोण येणार ते आधीच सांगता येतं. सकाळी फेऱ्या मारणारा गट येतो, हास्यक्लब येतो, दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी येतात. सगळे भले लोक. पण बाग आधीपासून त्यांचीच आहे. ते वॉकिंग ट्रॅक मागतात, ओपन जिम मागतात, आणि ‘बाहेरची पोरं आत येतात, त्यांचं काहीतरी करा’ असंही मागतात.

संध्याकाळी सात ही स्वयंपाकाची वेळ. नळाला पाणीही कित्येक ठिकाणी तेव्हाच येतं. म्हणून जिथे माणसं मुळात जमतात तिथे जा: बचत गटाच्या बैठकीला, अंगणवाडी सुटताना दाराशी, रिक्षा स्टँडवर, मजूर अड्ड्यावर सकाळी, शाळेच्या मधल्या सुट्टीत. ‘तुम्हाला बागेत काय हवं?’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर टीव्हीत पाहिलेलं कारंजं असतं. ‘काल संध्याकाळी थोडा वेळ मिळाला तेव्हा कुठे बसलात? बागेत का नाही गेलात?’ असं विचारा. मग खरी उत्तरं येतात. वॉचमन हटकतो. सासूबाईंना जिने उतरवत नाहीत. लघवीची सोय नाही. तिथे पोरं टपून बसलेली असतात. आम्हाला वाटलं ती सोसायटीची आहे.

या शेवटच्या उत्तरावर उपाय सगळ्यात स्वस्त आहे. फाटकावर मोठ्या अक्षरांत ‘ही बाग सर्वांसाठी, मोफत’ एवढं लिहायचं. पण तो कोणाला सुचत नाही.

चौथी पायरी: ‘रिकाम्या’ प्लॉटवर आज काय चाललंय

शहरात रिकामा प्लॉट नावाची गोष्ट नसते. त्यावर कोणी गोधडी वाळत घालतं, कोणी भंगार निवडतं, कोपऱ्यात शेळ्या असतात, रविवारी टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं, आणि कडेला एका आजींची चहाची टपरी असते. आखणीपूर्वी या सगळ्याची नोंद करा आणि यातलं काय आत सामावता येईल ते ठरवा. वाळवणासाठी दोन दांड्या आणि एक उन्हाचा ओटा सहज बसतो. चहाची टपरी फाटकाशी राहिली तर संध्याकाळी बागेवर चार डोळे जास्त राहतात. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याचं संरक्षण आहे. सुशोभीकरणाच्या नावाखाली त्यांना उचलणं कायद्यालाही धरून नाही आणि बागेच्याही हिताचं नाही.

बागेपायी माणसं उठवण्याचा इतिहास जुना आहे. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आज जगभर नावाजलं जातं. ते करताना १८५७ मध्ये सेनेका व्हिलेज ही बहुतांशी कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली. त्याच शहरात २००९ साली जुन्या रेल्वेमार्गावर हाय लाइन हे उद्यान झालं. पर्यटक लोटले, आसपासची भाडी वाढली, आणि शेजारच्या सरकारी घरांतली माणसंच तिथे कमी दिसू लागली. पुढे तिच्या एका संस्थापकानेच जाहीरपणे कबूल केलं की शेजाऱ्यांना काय हवं ते आधी विचारायला हवं होतं.

पाचवी पायरी: फाटक, वेळ, संडास, पाणी

या चार गोष्टींवर कोणी बक्षीस देत नाही. पण कोण येणार आणि कोण नाही, याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

फाटक वस्तीच्या बाजूला हवं. वीस गुंठ्यांच्या जागेला निदान दोन. सगळ्या बागांचं तोंड मोठ्या रस्त्याकडे असतं, कारण नामफलक तिकडून दिसतो. मागच्या चाळीतल्या माणसाला अख्खा वळसा पडतो. एक पल्ला निदान ९० सेंटिमीटर मोकळा उघडला पाहिजे आणि उंबरठा नको. मोटारसायकली अडवायला लावलेल्या नागमोडी लोखंडी पट्ट्यांत चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि गरोदर बाई तिन्ही अडकतात. मोटारसायकल तर पठ्ठ्या तिरकी करून आत नेतोच. त्यापेक्षा सरळ खांब लावा आणि फाटकाशी माणूस ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सार्वजनिक जागेत सुगम प्रवेश देणं ही कृपा राहिलेली नाही, ते कायद्याने बंधनकारक आहे.

कंपाऊंड आरपार दिसणारं असू द्या. त्याची दोन कारणं आहेत. आतलं बाहेरून दिसलं की बायकांना आत जायला धीर येतो, हे एक. दुसरं, जो आत येऊच शकत नाही त्यालाही झाड दिसतं. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं होतं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण फक्त ४६ होते, त्यामुळे त्यावर इमले नकोत. पण आठ फुटी भिंत बांधून झाड लपवायचं काही कारण नाही, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

वेळ. दुपारी बाग बंद ठेवण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘प्रेमी युगुलं’ आणि ‘रिकामटेकडे’. म्हणजे दोन जोडप्यांच्या धास्तीने शंभर कष्टकऱ्यांची सावली काढून घ्यायची. बंगळुरूत २०२४ साली बागा पहाटे ५ ते रात्री १० सलग उघड्या ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. आपल्याकडेही मागणी हीच असावी. मार्च ते जून या चार महिन्यांसाठी तरी दुपारचं कुलूप काढा, कारण तेव्हा सावली ही चैन नसते, उष्माघात टाळण्याचं साधन असते. माळ्यांचं पाणी घालणं सकाळी दहाच्या आत उरकतं. ‘देखभालीसाठी बंद’ हे कारण तपासून घ्या.

संडास नसेल तर बाई बागेत किती वेळ थांबेल ते तिचं मूत्राशय ठरवतं, आणि मधुमेही आजोबांचंही तसंच. संडास फाटकाजवळ, उजेडात, येण्याजाण्याच्या वाटेवर हवा. मागच्या कोपऱ्यात कंपोस्ट खड्ड्याशेजारी नको. त्यातला एक चाकाची खुर्ची आत वळेल एवढा मोठा, दाराला आतून धड कडी, वाहतं पाणी, पॅडसाठी झाकणाचा डबा. पिण्याच्या पाण्याचा नळ दोन उंचींवर लावा आणि एक फाटकाबाहेरून वापरता येईल असा ठेवा. रिक्षावाले दुवा देतील.

तिकीट लावू नका. पाच रुपये किरकोळ वाटतात, पण तीन मुलांच्या आईला ते रोज वीस रुपये होतात. मग ती रोज येत नाही, आणि वर काढलेला सतरा मिनिटांचा हिशोब कोसळतो.

सहावी पायरी: आधी सावली, मग शोभा

आपल्या हवेत हिरवळीपेक्षा सावली महत्त्वाची. हे पटवायला आकडे लागतात, म्हणून सोपं गणित देतो. उन्हाळ्यात हिरवळीतून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. हजार चौरस मीटर लॉनला रोज पाच हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी रोज १३५ लिटर आहे. म्हणजे सदतीस माणसांचं पाणी अशा गवतावर जातं, ज्यावर ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी आहे. लॉन हवंच असेल तर लोळता येईल असा एक छोटा तुकडा ठेवा. त्याला सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी मिळतंय का बघा. बाकी जमीन पालापाचोळ्याने झाकलेली राहू द्या.

झाड निवडताना फुलांच्या फोटोपेक्षा चैत्र-वैशाखात त्याच्या अंगावर पानं असतात का, ते विचारा. कडुनिंबाला पाडव्याच्या सुमाराला कोवळा पाला फुटलेला असतो, म्हणजे ऊन तापायच्या वेळी छत तयार. करंजाचंही तसंच, आणि त्याची सावली आणखी दाट. बकुळ बारमाही हिरवी. उलट पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा बोडके असतात, आणि बहावाही ऐन भरात पानांनी विरळ असतो. ते लावाच, पक्षी आणि डोळे दोघांनाही हवेत, पण बाकांवर नाही, कडेला. वड, पिंपळ, उंबर एखादाच, पण त्याला भरपूर जागा द्या. फळांच्या दिवसांत अख्ख्या मोहल्ल्याचे पक्षी तिथे असतात. सप्तपर्णीचा दिवाळीच्या सुमाराचा उग्र वास दम्याच्या काही रुग्णांना सोसत नाही, म्हणून दवाखान्याजवळच्या बागेत ती टाळलेली बरी.

प्लॉटवर बहुतेक वेळा डबर भरलेलं असतं. त्यात फूटभर खड्डा करून रोप टोचलं तर ते तीन वर्षं तेवढंच राहतं. मीटरभर खोल आणि मीटरभर रुंद खड्डा, चांगली माती, शेणखत, पहिल्या दमदार पावसानंतर लागवड, आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी. वाईट जमिनीचं निमित्त पुढे करणाऱ्यांना धारावीशेजारचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान दाखवा. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत. आज त्या ३७ एकरांवर जंगल आहे. बुंध्याभोवती निदान एक मीटर काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक नकोत; ही गोष्ट टेंडरमध्ये लिहून घ्या, नाहीतर ठेकेदार खोडापर्यंत ब्लॉक भिडवतो आणि ‘फिनिशिंग’ झालं म्हणतो. असलेलं झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार परवानगी लागते. ‘आराखड्यात आड येतं’ हे आराखडा बदलायचं कारण आहे.

मियावाकी लागवडीबद्दल दोन शब्द, कारण हल्ली प्रत्येक सादरीकरणात ती असते. दाटीवाटीने लावलेली ही झाडी पाखरांना आणि धूळ अडवायला चांगली. पण तिच्यात माणसाला शिरता येत नाही. वस्तीतला एकुलता एक प्लॉट तिने भरून टाकला तर मुलांच्या वाट्याला पुन्हा कुंपणच येतं. रस्त्याकडेच्या पट्ट्यात ती शोभते.

सातवी पायरी: वाटा, बाक, खेळ

मुख्य वाट १.८ मीटर रुंद ठेवा, म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात. उतार १:२० च्या आसपास, आणि जागाच नसेल तर जास्तीत जास्त १:१२, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. सोबत दोन्ही बाजूंना कठडा. गुळगुळीत ग्रॅनाइट आणि चकचकीत फरश्या पहिल्या पावसात शेवाळतात आणि आज्यांची खुब्याची हाडं मोडतात. खडबडीत शहाबादी बरी.

बाक ४५ सेंटिमीटर उंच, पाठीला टेकू, कडेला हात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हातच आधार देतो. मधोमध हात घातलेला बाक मात्र कोणी आडवं होऊ नये म्हणून असतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दुपारी बागेत तासभर डोळा लावला तर बिघडतं काय, हे मला अजून समजलेलं नाही. दर ३०-४० मीटरवर एक बाक असला की ‘मला एवढं चालवत नाही’ म्हणणारे चालू लागतात. काही बाक काटकोनात ठेवा, त्यावर गप्पा होतात. काही एकटे, पाठीशी झुडूप असलेले, कारण काही माणसं बागेत रडायला येतात आणि त्यांनाही जागा हवी.

आपल्याकडे पार आणि कट्टा आहे, हे बाकांच्या कॅटलॉगपुढे आपण विसरतो. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा बुटका कट्टा हे उत्तम उदाहरण. मैदानाची हद्दही तीच आणि शेकडो माणसांची बैठकही तीच, तीही फुकट. झाडाला पार बांधताना एकच काळजी: खोडाभोवती मातीची भर घालू नका, बुंधा कुजतो. मूळ जमीन आहे तिथेच ठेवून बाहेरच्या कडेला ओटा घ्या.

खेळांत पत्र्याची घसरगुंडी मे महिन्यात तव्यासारखी तापते. ती झाडाच्या पूर्वेला ठेवली तर संध्याकाळी तिच्यावर सावली येते. वाळू, माती आणि एक पाण्याचा नळ एवढ्यावर लहान मुलं कुठल्याही महागड्या प्लास्टिकच्या मनोऱ्यापेक्षा जास्त वेळ रमतात. क्रिकेटवाल्यांना हाकलू नका. त्यांना जाळीचा एक लांब पट्टा द्या आणि बाकीची जागा सोडवून घ्या. आणि मोठ्या बायकांसाठी दोन भक्कम झोपाळे टांगा. नागपंचमीला झोके घेणारी ही आपली संस्कृती, आणि बागेत ‘१२ वर्षांवरील व्यक्तींनी झोपाळ्यावर बसू नये’. रात्री आठनंतर जाऊन बघा, त्या पाटीखालीच कोणीतरी आई हळूच झोका घेत असते.

दिवे डोक्याच्या थोडे वर, तीन-चार मीटर उंचीचे, पिवळसर आणि सारख्या अंतरावर. हायमास्टने मधे लख्ख उजेड आणि कडेला गडद काळोख होतो, आणि भीती त्या काळोखातच असते. वाटेकडेची झुडपं कमरेखाली ठेवा.

आठवी पायरी: पाट्या

फाटकावरची नियमांची पाटी वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: हिच्यामुळे कोण बाहेर पडतं? ‘आत खाद्यपदार्थ आणू नयेत’ म्हणजे डबेवाली बाहेर. ‘चेंडू खेळू नये’ म्हणजे पोरं बाहेर. ‘असभ्य वर्तन’ काय ते वॉचमन ठरवणार, म्हणजे त्याला जो आवडला नाही तो बाहेर.

‘सार्वजनिक’ हा शब्द कागदावर असणं आणि जमिनीवर असणं यांतलं अंतर महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला. तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह चालत जावं लागलं, आणि त्या तळ्यावरून चाललेल्या खटल्यात न्यायालयाचा शेवटचा निकाल १९३७ साली आला. आजच्या वॉचमनच्या नजरेत कपडे, भाषा आणि आडनाव वाचण्याची जुनी सवय शिल्लक असेल तर आराखड्यातला कुठलाही रॅम्प ती काढू शकत नाही. म्हणून फाटकावरच्या माणसाचं प्रशिक्षण हाही आराखड्याचाच भाग धरा. कोणाला अडवायचं, कोणाला अजिबात नाही, तक्रार कुठे करायची, हे त्याला लेखी द्या.

नववी पायरी: पैसा आणि माळी

महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतं, त्यामुळे मागणी गणपती ते दिवाळीच्या दरम्यान आत गेली पाहिजे. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. बाकांची दुरुस्ती, संडास, दिवे अशी छोटी कामं तिथून होऊ शकतात.

बांधकामाच्या निविदेतच तीन वर्षांची देखभाल लिहून घ्या, कारण रोपांना तीन उन्हाळे काढायचे असतात. ‘रोपं लावणे: ३००’ असं कलम नको, ‘तिसऱ्या वर्षाअखेर जिवंत झाडं’ असं हवं आणि बिलाचा शेवटचा हप्ता त्याला बांधलेला हवा. संगीत कारंजाचा पंप दुसऱ्या वर्षी बंद पडतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्याची रक्कम सरळ माळ्याच्या पगाराकडे वळवा असंच सुचवतो. कंत्राटावरच्या माळ्याला किमान वेतन मिळतंय का, हेही बागेच्या न्यायातच येतं. कुठलं झाड वठतंय, कुठला दिवा महिनाभर बंद आहे, कोणती मुलगी हल्ली यायची थांबली, हे सगळं त्यालाच माहीत असतं.

बाग उघडल्यावर वर्षाने, त्याच महिन्यात, त्याच चार वेळांना, त्याच रकान्यांचा कागद घेऊन पुन्हा मोजा. एकूण गर्दी वाढली म्हणून खूश होऊ नका. दुपारी एक ते तीनचा रकाना आणि दहा ते सतरा वयाच्या मुलींचा रकाना आधी बघा. ते अजून रिकामे असतील तर पुन्हा अंगणवाडीच्या दाराशी जाऊन उभे राहा आणि तोच प्रश्न विचारा. आणि बागेचं व संडासाचं कुलूप ज्याच्याकडे असतं त्याचा फोन नंबर फाटकावर, बाहेरच्या बाजूला, रंगाने लिहून ठेवा. नामफलकाएवढ्याच अक्षरात.